त्र्याहत्तर विजयांचा हंगाम, तर्री-पोह्यांसह

पश्चिम नागपुरातील एका जुन्या उपाहारगृहाच्या वरच्या मजल्यावर गेली काही वर्षे उन्हाळ्याच्या तोंडावर एक आगळा उपक्रम चालतो. फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारपासून सलग बारा रविवार, सकाळी आठ वाजता, अमेरिकेतील राष्ट्रीय बास्केटबॉल लीगचा, म्हणजे आपण सगळे जिला एनबीए म्हणतो तिचा, एखादा जुना हंगाम निवडून त्यातले सामने मोठ्या पडद्यावर ओळीने दाखवले जातात. यंदा २०१५-१६चा हंगाम होता. बारा रविवारांचे शुल्क २,४०० रुपये असून त्यात न्याहारी आणि एक चहा धरलेला आहे. दुसऱ्या चहाचे पैसे वेगळे. मी हे शुल्क स्वतःच्या खिशातून भरले, अकरा रविवार हजेरी लावली आणि एक रविवार घरच्या लग्नापायी हुकला. उपाहारगृहाचे नाव मात्र मी मुद्दाम देत नाही. पुढे काही तक्रारी मांडायच्या आहेत हे त्याचे एक कारण, आणि सभागृहात खुर्च्या बत्तीसच असल्यामुळे पुढच्या वर्षी माझीच जागा जाऊ नये हे दुसरे, अधिक खरे कारण.

नागपूरला बास्केटबॉल काही परका नाही. शिवाजीनगर जिमखान्याच्या मैदानाभोवती चेंडू आपटण्याचा आवाज ऐकत वाढलेल्या माणसांची इथे एक जमातच आहे आणि मी तिच्यातलाच. उंचीने दगा दिला म्हणून खेळाडू व्हायचे राहून गेले, इतकेच. २०१५-१६चा हंगाम मी त्या वेळी जमेल तसा पाहिला होता. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचे सामने हिवाळ्यात आपल्याकडे पहाटे साडेपाचच्या सुमारास आणि पश्चिम किनाऱ्यावरचे सकाळी नऊच्या सुमारास सुरू होतात. म्हणजे पहिले झोपेत जातात आणि दुसरे कचेरीत. त्यामुळे माझ्या आठवणीत त्या हंगामाची चार-पाच दृश्येच शिल्लक होती: स्टीफन करीचा लांबून मारलेला फटका, कोबी ब्रायंटचा निरोप, अंतिम सामन्यात लेब्रॉन जेम्सने मागून धावत येऊन अडवलेला चेंडू. मोबाइलवर दोन-दोन मिनिटांच्या तुकड्यांत हीच दृश्ये इतक्यांदा पाहिली होती की आपल्याला हंगाम माहीत आहे असे मी समजत होतो. तो समज या उपक्रमाने मोडला. त्याची शिफारस करण्याचे माझे मुख्य कारण तेच आहे, आणि जिथे तो कमी पडला तिथे मी त्याला याच मापाने मोजले आहे.

सभागृहाकडे जाणारा जिना अरुंद आहे, लिफ्ट नाही, आणि गुडघ्यांची तक्रार असलेल्या दोन ज्येष्ठांना दर रविवारी मध्येच थांबून दम घ्यावा लागत असे. खोली लांबट आहे. समोर पडदा, मागे प्रोजेक्टर आणि मधोमध एक खांब. इंग्रजी समालोचनाचा आवाज निम्मा ठेवतात आणि टाइम-आउटच्या वेळी तो पूर्ण बंद करून मराठीत माहिती सांगतात. ही माहिती सांगण्याचे काम मालकांचे चिरंजीव करतात. पण खोलीचा खरा केंद्रबिंदू पडद्याजवळच्या टेबलावर बसलेले एक निवृत्त शारीरिक शिक्षण शिक्षक आहेत. त्यांना सगळेच ‘सर’ म्हणतात. सरांनी आयुष्यभर आंतरशालेय सामन्यांत गुणलेखकाचे काम केले, आणि इथेही ते प्रत्येक सामन्याची गुणपत्रिका हाताने भरतात, जणू निकाल अजून लागायचाच आहे.

ही गुणपत्रिका मी दोन-तीनदा जवळ जाऊन पाहिली. आंतरराष्ट्रीय पद्धतीप्रमाणे पहिल्या आणि तिसऱ्या क्वार्टरला, म्हणजे सामन्याच्या चौथ्या हिश्शाला, लाल शाई, दुसऱ्या आणि चौथ्याला निळी. सरांच्या खिशाला दोन पेने असतात आणि क्वार्टर संपला की ते न पाहता योग्य ते पेन काढतात. मात्र छापील पत्रिका आपल्याकडच्या नियमांची आहे: चाळीस मिनिटांचा सामना, खेळाडूला पाच फाऊल. एनबीएत क्वार्टर बारा मिनिटांचा आणि फाऊल सहा, म्हणून सरांनी प्रत्येक नावापुढे पट्टीने एक जादा चौकोन आखून घेतला होता. पहिल्या रविवारी मला हा हौशी खटाटोप वाटला. शेवटच्या रविवारी त्याच कागदाने मला जे दाखवले ते पडद्याने दाखवले नव्हते. पण त्याबद्दल पुढे.

सामन्यांची निवड ही अशा उपक्रमाची खरी परीक्षा असते. ८२ साखळी सामने खेळणारे ३० संघ, म्हणजे साखळीतच १,२३० सामने, आणि नंतर बाद फेरी. त्यातून बारा रविवारांत वीस-बावीस सामने बसवायचे. पहिल्या रविवारी अपेक्षेप्रमाणे २७ ऑक्टोबर २०१५चा सलामीचा सामना होता. त्यात गोल्डन स्टेट वॉरियर्सने न्यू ऑर्लिन्सला १११-९५ असे हरवले आणि करीने ४० गुण केले. त्याच्याच जोडीला दुसरा सामना मात्र त्यांनी असा लावला की मी कौतुकाने चाट पडलो. १ डिसेंबरचा फिलाडेल्फिया विरुद्ध लॉस एंजेलिस लेकर्स, म्हणजे त्या हंगामातले दोन अगदी तळाचे संघ. फिलाडेल्फिया तोवर सलग अठरा सामने हरला होता. आधीच्या हंगामाचे शेवटचे दहा धरले तर अठ्ठावीस. समोर कोबी ब्रायंट, ज्याने दोनच दिवसांपूर्वी निवृत्ती जाहीर केली होती आणि जो याच शहराच्या परिसरात लहानाचा मोठा झाला होता. घरच्या प्रेक्षकांनी पाहुण्यासाठी टाळ्या वाजवल्या, पाहुण्याने २६ फटक्यांपैकी ७ साधले, आणि यजमान संघ १०३-९१ असा जिंकून पराभवांच्या साखळीतून सुटला. खेळ म्हणून हा सामना सामान्यच होता. पण पुढचे आठ महिने उंचीवर वावरायचे असताना तळ किती खोल आहे हे आधी दाखवण्यात ज्याने ही निवड केली त्याची जाण दिसते. फिलाडेल्फियाने तो हंगाम १० विजय आणि ७२ पराभवांवर संपवला. नवे खेळाडू निवडण्याचा पहिला मान तळाच्या संघांना मिळतो म्हणून काही वर्षे हरत राहण्याचे ते धोरण आखणारे सॅम हिंकी एप्रिलमध्येच पायउतार झाले. मालकांच्या चिरंजिवांनी हे धोरण समजावून सांगताना एका गृहस्थांनी ‘आमच्या वॉर्डातल्या रस्त्यांसारखेच’ अशी टिप्पणी केली, ती नोंदवून पुढे जातो.

गोल्डन स्टेटच्या पहिल्या चोवीस विजयांची साखळी त्यांनी एका रविवारात आटोपली, आणि ते योग्यच झाले. एकाच चवीचे चोवीस घास कोणालाही जात नाहीत. पूर्ण दाखवले ते दोनच सामने, सलग दोन रात्रींचे: ११ डिसेंबरला बॉस्टनमध्ये दोनदा जादा वेळ खेळून १२४-११९ असा मिळवलेला विजय, आणि दुसऱ्याच रात्री मिलवॉकीत १०८-९५ असा झालेला पहिला पराभव. दोन्ही एकापाठोपाठ पाहिले की पराभवाचे कारण कोणी सांगावे लागत नाही. बॉस्टनमध्ये जे फटके जाळीत पडत होते तेच मिलवॉकीत कड्याच्या पुढच्या भागावर आदळत होते. आणि चेंडू असा आखूड पडू लागला की थकवा पायांत उतरला आहे, हे कोणताही प्रशिक्षक सांगेल. ‘२४-१’ असे छापलेले बनियन घालून आलेले मिलवॉकीचे प्रेक्षक पाहून आमच्या खोलीतही हशा पिकला.

जानेवारीचा रविवार माझ्या मते सर्वांत नीट रचलेला होता. १८ तारखेला गोल्डन स्टेटने क्लीव्हलँडमध्ये जाऊन यजमानांना, म्हणजे लेब्रॉन जेम्सच्या संघाला, १३२-९८ असे चिरडले. चारच दिवसांनी, २२ तारखेला, क्लीव्हलँडने प्रशिक्षक डेव्हिड ब्लॅट यांना काढून टाकले. त्या वेळी संघाच्या नावावर ३० विजय आणि ११ पराभव होते आणि पूर्व विभागात तो पहिला होता. त्याच दिवशी तिकडे पाठीच्या शस्त्रक्रियेमुळे दूर राहिलेले स्टीव्ह कर गोल्डन स्टेटच्या बाकावर परतले. त्यांच्या गैरहजेरीत ल्यूक वॉल्टन यांनी संघाला ३९ विजय आणि अवघे ४ पराभव मिळवून दिले होते, आणि नियमाप्रमाणे ते सगळे कर यांच्याच खात्यावर जमा झाले. हे ऐकल्यावर, शाळेत कित्येक वर्षे प्रभारी राहिलेल्या सरांनी लिहिता लिहिता मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. पुढे जूनमध्ये जो संघ विजेता ठरला त्याची पायाभरणी एका नामुष्कीत आणि एका निष्ठुर निर्णयात झाली होती, हे मी तुकड्या-तुकड्यांत पाहताना पूर्णपणे विसरून गेलो होतो.

आता न्याहारीबद्दल, कारण २,४०० रुपयांतला बराचसा भाग तिचा आहे. तर्री-पोहे नागपुरी पद्धतीचे आणि मनापासून केलेले असतात: पोहे मोकळे, वर चण्याची तर्री, कच्चा कांदा, बारीक चिरलेला सांबार आणि लिंबाची फोड. पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी सांगतो, इथे सांबार म्हणजे कोथिंबीर. तर्रीला तवंग आहे, तिखटपणा आहे, पण केवळ तिखटाच्या जोरावर चव मारून नेण्याचा प्रकार नाही. चणे आतपर्यंत शिजलेले असतात आणि मसाला करपलेला नसतो. तिसऱ्या रविवारपासून सांबारवडीही मिळू लागली आणि तिचे सारण चांगले होते, तरी सामना पाहता पाहता खाण्याचा तो पदार्थ नव्हे. हाताला तेल लागते आणि नेमक्या क्षणी कागद शोधावा लागतो. दोष वेळेत आहे. ताटल्या पावणेआठला लावतात, माणसे आठ वाजून पाच मिनिटांपर्यंत येत राहतात, आणि उशिरा येणाऱ्याच्या वाट्याला थंड पोह्यांवर गरम तर्री येते. चहा अतिगोड असतो. कमी साखरेचा मागितला तर मिळतो, पण तो येईपर्यंत पहिला क्वार्टर संपलेला असतो.

फेब्रुवारीच्या अखेरचा ओक्लाहोमा सिटीचा सामना कसा दाखवला ते सविस्तर सांगायला हवे, कारण या उपक्रमाचे वेगळेपण तिथे दिसले. २७ फेब्रुवारी २०१६चा हा सामना, आपल्याकडचा २८चा रविवार सकाळ. करीचा घोटा तिसऱ्या क्वार्टरमध्ये मुरगळतो, तो आत जातो, परत येतो, आणि जादा वेळेत ११८-११८ अशी बरोबरी असताना अर्धे मैदान ओलांडून चार पावले जेमतेम टाकतो न टाकतो तोच सुमारे ३७ फुटांवरून फटका मारतो. चेंडू जाळीत जातो तेव्हा घड्याळात एक सेकंदही उरलेला नसतो. एका सामन्यात तीन गुणांचे बारा फटके साधून त्याने त्या वेळच्या विक्रमाची बरोबरी केली. हे सगळे आम्हाला पाठ होते. पण त्या दिवशी आम्ही आत शिरलो तेव्हा पडद्याच्या भिंतीपासून मोजून खोलीच्या दुसऱ्या टोकाकडे फरशीवर चिकटपट्ट्या लावलेल्या दिसल्या. पहिली पट्टी सरांनी आपल्याकडच्या तीन गुणांच्या रेषेच्या अंतरावर, म्हणजे पावणेसात मीटरवर लावली होती. दुसरी एनबीएच्या रेषेची, २३ फूट ९ इंचांवर. आणि तिसरी पट्टी खुर्च्यांच्या शेवटच्या रांगेच्याही मागे, प्रोजेक्टरच्या टेबलाखालून जाऊन जिन्याच्या दाराशी चिकटवलेली. सामना संपल्यावर लोक एकेक करून त्या तिसऱ्या पट्टीवर जाऊन उभे राहिले आणि नुसते पडद्याकडे पाहत राहिले. जिल्हा संघातून खेळणाऱ्या दोन मुलींनी तिथून फटका मारल्याचा अभिनय केला. त्यांतल्या एकीने हात खाली घेत, चेंडू दुसऱ्या रांगेत पडला, असे जाहीर केले. एका चिकटपट्टीने जे समजले ते घरबसल्या कोणत्याही पडद्यावर समजले नसते, आणि माझे अर्धे शुल्क मला तिथेच वसूल झाल्यासारखे वाटले.

सर्वांत मोठी तक्रारही याच खेळाडूसंबंधी आहे. साखळी संपल्यावर पहिल्याच फेरीत, २४ एप्रिलला ह्यूस्टनमध्ये, घामाने ओल्या झालेल्या लाकडी फरशीवर करीचा पाय घसरला आणि त्याचा गुडघा दुखावला. तो परतला ९ मेला, पोर्टलंडविरुद्धच्या चौथ्या सामन्यात, तोही राखीव खेळाडू म्हणून. आणि त्याने ४० गुण केले, त्यांतले १७ केवळ जादा वेळेत. गोल्डन स्टेटने तो सामना १३२-१२५ असा जिंकला आणि दुसऱ्याच दिवशी करी सर्वोत्तम खेळाडू म्हणून निवडला गेला, १३१ पैकी १३१ पहिल्या पसंतीच्या मतांनी, जे त्या लीगमध्ये पूर्वी कधीही घडले नव्हते. या सामन्याला यंदाच्या यादीत स्थान नव्हते. घसरण्याचा प्रसंग अर्ध्या मिनिटात उरकला आणि पोर्टलंडचे फक्त गुण वाचून दाखवले. त्याच यादीत टोरांटोच्या ऑल-स्टार, म्हणजे निवडक खेळाडूंच्या, सप्ताहातील डंक स्पर्धेला (उडी मारून चेंडू वरून कड्यात घालण्याच्या स्पर्धेला) मात्र पाऊण तास दिला होता. ऑल-स्टार सामना प्रथमच अमेरिकेबाहेर झाला आणि झॅक लव्हीन व ॲरन गॉर्डन यांनी खरोखरच थक्क करणाऱ्या उड्या मारल्या हे मान्य. मुलांना तो रविवार सर्वाधिक आवडला हेही मान्य. तरीही जो गुडघा पुढच्या महिन्याभराची सगळी गोष्ट बदलतो तो वगळून उड्या दाखवणे ही निवडीतली चूक होती, असे मी मालकांना तोंडावरही सांगितले. ‘काका, तिकिटे उड्यांवर खपतात,’ असे त्यांचे उत्तर आले. ते प्रामाणिक होते, पण मला पटले नाही.

दुसरी तक्रार हवेची. मार्चच्या मध्यापासून खोलीत डेझर्ट कूलर सुरू झाला आणि त्या घरघरीत समालोचन तर बुडालेच, पण मैदानावर घासणाऱ्या बुटांचा आवाज, जो पूर्ण सामना पाहण्यातला मोठा आनंद आहे, तोही बुडाला. कूलर बंद केला तर नागपूरचा एप्रिल आपली ओळख करून देतो. यावर उपाय खर्चिक असणार हे मला कळते. पण निदान ध्वनिक्षेपक भिंतीवरून काढून खुर्च्यांच्या मधोमध आणता येतील. तिसरी तक्रार निवेदनाची. मालकांचे चिरंजीव अभ्यासू आहेत, मराठीही चांगले बोलतात, पण पुढे काय होणार हे सांगण्याचा मोह त्यांना आवरत नाही. निकाल आम्हाला माहीत असतो हे खरे. तरी ‘आता बघा हं’ असे कोणी म्हटले की चेंडूऐवजी डोळे निवेदकाकडे जातात. पंजाबातल्या एका खेड्यातून निघून २०१५च्या नव्या खेळाडूंच्या निवडीत डॅलस संघापर्यंत पोहोचलेल्या सतनाम सिंगबद्दल एका मुलाने विचारले, तेव्हा मात्र त्यांनी दिलेले उत्तर नेटके होते: तो त्या हंगामात मुख्य लीगमध्ये न खेळता तिच्या विकास लीगमधील टेक्सास लेजंड्स या संघात होता, एवढेच सांगून त्यांनी सामना पुन्हा सुरू केला.

कोबी ब्रायंटच्या अखेरच्या सामन्याचा रविवार वेगळा होता. तो सामना आणि गोल्डन स्टेटचा त्र्याहत्तरावा विजय हे दोन्ही एकाच रात्री घडले, १३ एप्रिल २०१६ला, आणि आपल्या घड्याळात ती १४ एप्रिलची सकाळ होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या १२५व्या जयंतीचा तो दिवस. नागपुरात त्या सकाळी संविधान चौकाकडे आणि दीक्षाभूमीकडे माणसांची रीघ लागली होती आणि कचेऱ्यांना सुटी होती. त्यामुळे खोलीतल्या बऱ्याच जणांनी तो सामना त्या वेळी थेट पाहिलेला निघाला. एकाने सांगितले की घरचे सगळे अभिवादनाला निघून गेले होते आणि तो तिसऱ्या क्वार्टरनंतर मागून पळत गेला. ५० फटके मारून ६० गुण, लेकर्सचा युटावर १०१-९६ असा विजय. शांतपणे पाहिले तर कोबीचे अर्ध्याहून अधिक फटके चुकलेले आहेत, पूर्वार्धात तो दमलेला दिसतो आणि सहकारी चेंडू त्यालाच देत राहतात. निरोपाची मैफल म्हणून सोडून दिले नाही तर खेळ म्हणून हा विचित्रच प्रकार आहे. शेवटच्या काही मिनिटांत मात्र तो पुन्हा पूर्वीचा होतो. गोल्डन स्टेटने त्याच वेळी मेम्फिसला १२५-१०४ हरवून १९९५-९६च्या शिकागोचा ७२ विजयांचा विक्रम मोडला. त्या शिकागो संघात खेळाडू म्हणून असलेले स्टीव्ह कर आता तो मोडणाऱ्या संघाचे प्रशिक्षक होते. हा सामना उपक्रमात फक्त दहा मिनिटे दाखवला, आणि तेवढा पुरेसा होता. त्याआधी तीन दिवस सॅन अँटोनिओत मिळवलेला ९२-८६ असा विजय जास्त मोलाचा. सॅन अँटोनिओने त्या हंगामात घरच्या मैदानावर ४१ पैकी ४० सामने जिंकले आणि गमावला तो हाच एक.

पश्चिम विभागाच्या अंतिम मालिकेला दोन रविवार दिले, याबद्दल मी उपक्रमाला पूर्ण गुण देतो. त्यातला एक रविवार माझा लग्नामुळे हुकला, तरी सरांची गुणपत्रिका नंतर वाचायला मिळाली. हंगामभर सलग दोन सामने कधीही न हरलेला गोल्डन स्टेटचा संघ ओक्लाहोमा सिटीकडून तिसरा आणि चौथा सामना अनुक्रमे २८ आणि २४ गुणांनी हरतो आणि मालिकेत १-३ असा मागे पडतो. सहाव्या सामन्यात अखेरचा क्वार्टर सुरू होताना तो आठ गुणांनी मागे असतो. मग क्ले थॉम्पसन तीन गुणांचे एकूण अकरा फटके साधून ४१ गुणांवर पोहोचतो आणि सामना १०८-१०१ असा वाचतो. क्लीव्हलँडने पुढे १-३ वरून मालिका फिरवून गोल्डन स्टेटवर जी वेळ आणली तीच गोल्डन स्टेटने आधी ओक्लाहोमावर आणली होती, हे तर सगळ्यांना माहीत असते. पण सात सामन्यांची ती झटापट पूर्ण पाहिल्यावर अंतिम मालिकेत उतरणारा संघ मला डिसेंबरातला वाटेना. जिंकल्यावरही ते खेळाडू धावत न येता चालत बाकाकडे येत होते.

अंतिम मालिकेचे पहिले सहा सामने संक्षेपात आणि सातवा पूर्ण, अशी योजना होती. सातवा सामना आपल्याकडे २० जून २०१६च्या पहाटे साडेपाचला सुरू झाला होता, म्हणून शेवटच्या रविवारी आम्हाला पहाटे सव्वापाचलाच बोलावले. एप्रिलअखेरच्या त्या पहाटे खिडक्या उघड्या ठेवता आल्या, कूलर लागला नाही आणि बारा रविवारांत पहिल्यांदाच बुटांचा आवाज स्वच्छ ऐकू आला. तर्री तयार नव्हती. फक्त चहा होता. सुरुवातीपूर्वी सर उभे राहिले आणि त्यांनी आपल्या सहा पत्रिकांची बेरीज फळ्यावर मांडली. गोल्डन स्टेट: १०४, ११०, ९०, १०८, ९७, १०१. क्लीव्हलँड: ८९, ७७, १२०, ९७, ११२, ११५. दोन्हीकडे खाली एकच आकडा आला, ६१०. मी ती बेरीज वहीवर पुन्हा करून पाहिली. एक सामना ३३ गुणांनी एकतर्फी, दुसरा ३० गुणांनी उलट दिशेने, चौथ्या सामन्यातल्या गैरवर्तनामुळे गोल्डन स्टेटचा ड्रेमंड ग्रीन पाचव्याला निलंबित, त्याच पाचव्यात क्लीव्हलँडच्या जेम्स आणि कायरी आयर्विंग यांचे प्रत्येकी ४१ गुण, आणि इतके सगळे होऊन काटा बरोबर मधोमध.

सातवा सामनाही ८९-८९ वर येऊन थांबला, म्हणजे मालिकेची बेरीज ६९९-६९९. चौथ्या क्वार्टरमध्ये साडेचार मिनिटांहून थोडा अधिक वेळ उरला असताना थॉम्पसनने ही बरोबरी साधली, आणि त्यानंतर शेवटचे मिनिट सुरू होईपर्यंत कोणीही गुण केला नाही. दोन मिनिटांच्या चित्रफितीत हा सगळा वेळ कापलेला असतो. तिथे जेम्सने गोल्डन स्टेटच्या इग्वोडालाचा चेंडू कड्यामागच्या फळ्यावर दाबून अडवला की लगेच आयर्विंगचा फटका येतो. इथे आम्ही तो वेळ पूर्ण बसून पाहिला. चेंडू कड्यावर लागतो, परततो, पुन्हा लागतो. बत्तीस माणसांच्या खोलीत कोणी कपही खाली ठेवत नव्हते आणि सरांचे निळे पेन कागदावर टेकवलेले तसेच होते. ५३ सेकंद असताना आयर्विंगने करीच्या डोक्यावरून तीन गुण मिळवले. मग जे घडले ते मला फेब्रुवारीच्या त्या चिकटपट्टीमुळे दिसले. करीसमोर क्लीव्हलँडचा केव्हिन लव्ह होता, अंगाने जड, बाहेर येऊन बचाव करण्यासाठी मुळीच प्रसिद्ध नसलेला. डिसेंबरातल्या करीने त्याला एका झुकांडीत मागे टाकले असते. इथे तो डावीकडे गेला, उजवीकडे आला, पुन्हा मागे सरला, आणि लव्ह समोरून हलला नाही. फटका अखेर घाईत सुटला आणि चुकला. गुडघा कितपत बरा होता हे करीलाच ठाऊक, पण पोर्टलंडचा सामना या खोलीत दाखवला असता तर माझ्या शेजारच्या तरुणाने ‘करी घाबरला’ असे म्हटले नसते. सामना ९३-८९. जेम्सचे २७ गुण, ११ रिबाउंड (चुकलेल्या फटक्यानंतर पकडलेले चेंडू), ११ असिस्ट (सहकाऱ्याच्या गुणाआधीचे पास). क्लीव्हलँड शहराला १९६४नंतर प्रथमच कोणत्याही मोठ्या खेळाचे विजेतेपद. आणि अंतिम मालिकेत १-३ वरून सावरलेला एनबीएच्या इतिहासातला पहिला संघ. ग्रीनचे ३२ गुण आणि १५ रिबाउंड पराभवाच्या रकान्यात गेले. सरांनी खाली रेघ मारली, दोन्ही पेनांना टोपणे लावली, आणि मालकांनी तर्री झाल्याची वर्दी दिली.

पुढच्या वर्षी येऊ इच्छिणाऱ्यांसाठी: नोंदणी जानेवारीत गल्ल्यावर होते आणि पैसे रोख घेतात. दुचाकी समोर लावता येते, चारचाकीची सोय नाही. खांबाच्या डावीकडची पहिली तीन आसने टाळावीत, तिथून पडद्याचा एक कोपरा दिसत नाही आणि ती शेवटपर्यंत रिकामी का राहतात हे मला पहिल्या रविवारीच कळले. कोणता हंगाम घ्यायचा याच्या चिठ्ठ्या टाकायला गल्ल्याजवळ स्टीलचा एक डबा ठेवला आहे. मी २००३-०४ लिहून टाकले, कारण डेट्रॉइटने लेकर्सना ४-१ असे हरवलेली ती मालिका मला पुन्हा पूर्ण पाहायची आहे. डब्याला झाकण नाही, आणि वरवर दिसणाऱ्या पाच-सहा चिठ्ठ्यांवर एकाच अक्षरात १९९५-९६ लिहिलेले आहे.